हळद, ऊस आणि न ओढावी लागणारी पट्टी

उसाचं पातं कसं कापतं हे आपल्या खुटबावच्या पोरांना शिकवावं लागत नाही. गेल्या हंगामात वर्गातला एकजण पोटरीला पट्टी बांधून आला. घरी पट्टी बदलताना जोरात ओढली, तर नवीन आलेली कातडीही तिच्याबरोबर निघाली. जखमेतून पाझरणारं पाणी वाळतं आणि सुती धागे त्यात अडकून बसतात, म्हणून असं होतं. मग काढावीच लागणार नाही अशी पट्टी का बनवू नये? शास्त्रज्ञ सध्या याच कामात आहेत.

विरघळणारे टाके तुम्ही ऐकले असतील. तेही पॉलिमरचेच धागे. पॉलिमर म्हणजे छोट्या रेणूंची लांबलचक साखळी. दही आंबट करणारं लॅक्टिक आम्ल तुम्हाला माहीत आहे. साखर आंबवून ते मिळवायचं आणि त्याचे रेणू एकमेकांना जोडायचे, की पॉलिलॅक्टिक आम्ल तयार! 2024 मध्ये प्राज इंडस्ट्रीजने आपल्या जवळच, जेजुरीला, असं पॉलिमर बनवण्याचा प्रात्यक्षिक प्रकल्प सुरू केला. शरीरातलं पाणी ही साखळी हळूहळू तोडतं आणि उरतं पुन्हा लॅक्टिक आम्ल, जे आपल्या स्नायूंतही तयार होतं. पण नुसत्या पॉलिलॅक्टिक आम्लाला विरायला महिनोन् महिने लागतात. म्हणून त्यात लवकर विरणारं दुसरं पॉलिमर किंवा जिलेटिन मिसळतात.

आता धागा कसा काढायचा? जत्रेतले म्हातारीचे केस आठवा. इथे फिरवण्याऐवजी वीज वापरतात. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये पॉलिमरचं द्रावण भरतात आणि सुईला दहा-वीस हजार व्होल्टचा दाब देतात. सुईच्या टोकावरचा थेंब ताणला जातो, त्याची बारीक धार सुटते, द्रावक वाटेतच उडून जातं आणि समोरच्या धातूच्या पत्र्यावर जाळी बसते. यातला धागा केसापेक्षा शेकडो पट बारीक असू शकतो. जाळीतून हवा जाते, पण छिद्रं इतकी लहान की बाहेरचे जंतू सहज आत शिरत नाहीत.

याच द्रावणात हळदीतलं कर्क्युमिन मिसळता येतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे नुसती भुकटी जखमेवर टाकली तर बरीचशी तशीच पडून राहते. धाग्यात मात्र ते सगळीकडे पसरतं आणि थोडं थोडं करून बाहेर येतं. मध किंवा कोळंबीच्या टरफलातलं कायटोसान घालूनही असे धागे काढले आहेत.

हळद जखमेवर लावतात हे आपल्या आजीला ठाऊक होतंच. तरी 1995 मध्ये अमेरिकेत त्याचंच पेटंट दिलं गेलं! तेव्हा सीएसआयआरचे प्रमुख होते डॉ. रघुनाथ माशेलकर, पूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक. सीएसआयआरने जुने संस्कृत ग्रंथ आणि 1953 चा एक वैद्यकीय लेख असे 32 पुरावे पुढे केले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. मला ही गोष्ट वर्गात सांगायला फार आवडते.

पण म्हणून डब्यातली हळद खोल जखमेत भरू नका हं. ती निर्जंतुक नसते, कधी कधी तर रंगासाठी त्यात शिशाचं क्रोमेटही मिसळलेलं असतं. जखम वाहत्या पाण्याने धुवा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारा. पट्टी चिकटलीच तर सलाईनने चांगली भिजवा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग हळूच कडेने सोडवा. त्या पोराच्या आईला नर्सताईंनी हेच दाखवलं, आणि पुढच्या वेळी तो रडला नाही.