रस्त्याचा धनी कोण?

गोव्याच्या उत्तर टोकाला पत्रादेवी हे ठिकाण आहे. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवामुक्तीचे सत्याग्रही या वाटेने पायी पोर्तुगीज हद्दीत शिरले आणि त्यांतील काहींनी तेथेच देह ठेवला. त्याच पत्रादेवीहून आज राष्ट्रीय महामार्ग ६६ गोव्यात प्रवेश करतो आणि पेडणे तालुक्यातून धारगळवरून कोलवाळच्या पुलाकडे धावतो. ज्या वाटेवर माणसे निर्भयपणे पायी चालली, त्याच वाटेवर आज पायी चालणारा माणूस सर्वांत अधिक भ्यालेला आहे. हा पालट कसा घडला आणि त्यावर नागरिकांनी काय करावे, हा प्रश्न पेडणे व डिचोली या दोन तालुक्यांत विशेष तीव्रतेने उभा राहिला आहे.

दोन्ही तालुके गोव्याच्या नव्या काबिजादींतले. शेती, बागायती आणि देवळांच्या जत्रा यांभोवती येथील जीवन शतकानुशतके फिरत आले. येथले रस्ते मुळात बैलगाडीच्या बेताचे; घरांच्या ओसरीला लागून, वडपिंपळाला वळसा घालून जाणारे. डिचोलीत प्रथम आली ती खनिजाची वाहतूक. खाणीपासून नदीकाठच्या धक्क्यापर्यंत लोहखनिज नेणारे ट्रक शाळा, देऊळ आणि बाजार यांच्या मधून धावू लागले. जितक्या खेपा तितके उत्पन्न, असा हिशेब असल्यामुळे वेग हा त्या धंद्याचाच एक भाग बनला. २०१२ साली खाणी थांबल्या. पुढे काही काळ चालून २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने त्या पुन्हा बंद पडल्या. लिलावानंतर २०२४ मध्ये डिचोलीत खनिजाची हालचाल परत सुरू होताच मये, पिळगाव या भागांतील ग्रामस्थांनी गावातून होणाऱ्या वाहतुकीला हरकत घेतली. पेडण्याची कथा थोडी निराळी आहे. तेथे मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये वाहतुकीस खुला झाला, हरमल व मोरजीच्या किनाऱ्यांकडे पर्यटकांची रीघ लागली, आणि महामार्गाच्या रुंदीकरणासाठी डोंगर कापले गेले. मालपे येथे २०२४ च्या पावसाळ्यात कापलेल्या डोंगराची माती आणि संरक्षक भिंत कोसळली. वाहने वाढली, वेग वाढला. गावे मात्र जागच्या जागीच राहिली.

अपघात म्हणजे दैवाचा घाला, अशी एक समजूत आपल्याकडे रूढ आहे. ती तपासून पाहिली पाहिजे. वाहनाचा वेग दुप्पट झाला की गतिरोध लावल्यानंतर थांबण्यास लागणारे अंतर दुप्पट होत नाही, चौपट होते. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सोळा मीटरांहून अधिक अंतर तोडते. म्हणजे चालकाला समोरचे मूल दिसून त्याचा पाय हलेपर्यंत एखादे घर मागे पडलेले असते. माणसाच्या हातून चूक होणारच. ती चूक प्राणावर बेतावी की खरचटण्यावर निभावावी, हे बव्हंशी रस्त्याची आखणी आणि त्यावरील वेग ठरवितात. म्हणूनच केंद्रीय वाहतूक मंत्रालयाने ‘काळा ठिपका’ अशी एक संज्ञा निश्चित केली आहे. सुमारे ५०० मीटर लांबीच्या ज्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यूचे अथवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात घडले, किंवा एकूण दहा माणसे दगावली, तो पट्टा काळा ठिपका मानावयाचा. एकाच जागी पुनःपुन्हा घडणाऱ्या घटनेला दैव म्हणता येत नाही. तेथे जागेचाच दोष शोधावा लागतो.

२०२२ साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चिमुकल्या गोव्याचा वाटा सुमारे २७० होता. म्हणजे सरासरीने दर चार दिवसांत तीन घरे उजाड झाली.

मग दोष दिसत असूनही तो दूर का होत नाही? सरकारजवळ अभियंते आहेत, कायदा आहे, पैसाही आहे. परंतु रस्त्याला एक धनी नाही, हे त्याचे खरे कारण होय. महामार्ग केंद्र सरकारचा, जिल्ह्यातील प्रमुख रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, वाड्यावरील रस्ता पंचायतीचा किंवा पालिकेचा. रस्त्याकडेचा विजेचा खांब वीज खात्याचा. चालकाला परवाना देणारे वाहतूक खाते वेगळे आणि चौकात शिट्टी वाजविणारा पोलीस वेगळा. खनिजाच्या वाहतुकीस अनुमती देणारे खाते आणखी निराळे. वळणावर अपघात घडला की प्रत्येक खात्याला आपला भाग निर्दोष दिसतो. चार दिवस गाव संतापलेले राहते, रस्ता अडविला जातो, पुढारी येऊन आश्वासन देतात आणि महिन्याभरात सारे विसरले जाते. विसरले जात नाही ते केवळ त्या एका घरात.

नागरिकांच्या संघटनेचे कार्य नेमके येथे सुरू होते. तिला रस्ता बांधता येत नाही किंवा दंडही करता येत नाही. परंतु विस्कळीत खात्यांना एका मेजाभोवती बसविणे आणि सरकारला विसरू न देणे, ही दोन कामे तिच्यावाचून दुसरे कोणी करीत नाही. गोव्यात या कार्याची परंपरा आहे. स्वातंत्र्यसैनिक व कोंकणी लेखक गुरुनाथ केळेकर यांनी ‘मार्ग’ ही चळवळ उभी करून रस्त्यावरील सौजन्य आणि शिस्त हा लोकशिक्षणाचा विषय बनविला. ‘गोवाकॅन’ या ग्राहक व नागरी हक्कांच्या संघटनेने स्थानिक स्वराज्य संस्थांनी आणि तालुक्यातील अधिकाऱ्यांनी हा प्रश्न हाती घ्यावा, असा आग्रह सातत्याने धरला आहे.

तालुक्याचाच आग्रह का? मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या २१५ व्या कलमात राष्ट्रीय, राज्य आणि जिल्हा अशा तीन पातळ्यांवर रस्ता सुरक्षेच्या मंडळांची व समित्यांची तरतूद आहे. कोइम्बतूरचे अस्थिशल्यविशारद डॉ. एस. राजशेखरन यांनी केलेल्या जनहित याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ३० नोव्हेंबर २०१७ रोजी जिल्हा समित्या स्थापन करण्याचा आदेश दिला. परंतु जिल्ह्याच्या बैठकीत साखळीच्या बाजारातले वळण किंवा धारगळचा फाटा यांची पाळी केव्हा येणार? तालुक्याच्या कचेरीत मात्र उपजिल्हाधिकारी, मामलेदार, अभियंता, पोलीस निरीक्षक, शाळेचे मुख्याध्यापक आणि पंच हे सारे एकमेकांस ओळखतात. धोक्याची जागाही त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते. तेथे जबाबदारी एकमेकांवर ढकलणे अवघड जाते.

अशा संघटनेची साधने साधीच असतात. पहिले साधन नोंदवही: अपघात कोठे, किती वाजता, कोणत्या वाहनाचा, पावसात की उन्हात. दुसरे साधन ग्रामसभा. तेथे संमत झालेला ठराव इतिवृत्तात उतरतो आणि मग त्याचे उत्तर मागता येते. तिसरे साधन २००५ चा माहितीचा अधिकार. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात १९८ अ हे कलम आले असून, सदोष आखणी, बांधणी अथवा देखभाल यांमुळे मृत्यू वा अपंगत्व ओढवल्यास ठेकेदारास व संबंधित अधिकरणास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ज्याच्या हाती नोंदवही आहे त्यालाच या कलमाचा उपयोग. चौथे साधन म्हणजे स्मरण. नोव्हेंबरचा तिसरा रविवार हा रस्त्यावरील बळींचा जागतिक स्मृतिदिन म्हणून संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये मान्य केला. त्याचा आरंभही ब्रिटनमधील आप्तवियोग झालेल्या कुटुंबांच्या संघटनेनेच केला होता.

नागरिकांच्या रेट्याने काय साधते याचा दाखला हॉलंडमध्ये सापडतो. १९७१ साली त्या लहानशा देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. ज्याची मुलगी अपघातात गेली अशा एका पत्रकाराने १९७२ मध्ये ‘बालहत्या थांबवा’ अशी हाक दिली. आईबाप रस्त्यावर उतरले आणि निवासी वस्तीत पादचाऱ्याला अग्रमान देणारा कायदा १९७६ मध्ये झाला. आज त्या देशातील मृत्युसंख्या सातशेच्या आसपास आहे. आपल्याकडे ‘सेव्हलाइफ फाउंडेशन’ने न्यायालयाचे दार ठोठावल्यामुळे अपघातग्रस्ताला उचलून रुग्णालयात नेणाऱ्या भल्या माणसाला ३० मार्च २०१६ रोजी संरक्षण मिळाले आणि पुढे ते १३४ अ कलमात समाविष्ट झाले. पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल या धास्तीने आता कोणी जखमीकडे पाठ फिरविण्याचे कारण उरलेले नाही.

तथापि या वाटेवर काटेही आहेत. हरमन सिंग सिद्धू हे स्वतः अपघाताने चाकांच्या खुर्चीला खिळलेले गृहस्थ. त्यांच्या व इतरांच्या प्रयत्नाने सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गापासून ५०० मीटरांच्या आत मद्यविक्रीस बंदी केली. अल्पावधीतच लहान गावांपुरते ते अंतर २२० मीटरांवर आले आणि पुढे पालिका क्षेत्रांना सूट मिळाली. एका रेट्यापुढे दुसरा रेटा उभा राहिला, आणि त्यामागे अनेकांच्या पोटाचा प्रश्न होता हेही नाकारता येत नाही. डिचोलीतील ट्रकमालकही कर्ज काढून वाहन घेणारा गावचाच माणूस असतो. म्हणून ट्रक बंद करा एवढेच म्हणून भागत नाही. खनिजासाठी वेगळा मार्ग, शाळेच्या वेळी वाहतुकीला खंड आणि खेपांवर मर्यादा अशी नेमकी मागणी मांडावी लागते.

मागणी नेमकी असण्याला आणखी एक कारण आहे. संतापलेल्या गावाला शांत करण्यासाठी एका रात्रीत उंचवटा घातला जातो. भारतीय रस्ते काँग्रेसच्या मानकाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, मध्यभागी १० सेंटिमीटर उंच आणि गोलाकार असावा, त्यावर रंगाचे पट्टे व अलीकडे सूचनाफलक असावा. अरुंद, उभा आणि अंधारातला उंचवटा दुचाकीस्वाराला नवा सापळा ठरतो. अज्ञानाने केलेल्या मागणीला अज्ञानाने दिलेले उत्तर म्हणजे दुसऱ्या अपघाताची सिद्धता होय.

रस्त्याला धनी नाही, असे वर म्हटले. वस्तुतः त्याला एक धनी आहे, तो म्हणजे रोज त्यावरून चालणारा माणूस. डोक्यावर भाजीची पाटी घेऊन डिचोलीच्या बाजाराला निघालेली बाई आणि दप्तर पाठीला लावून पेडण्याच्या रस्त्याकडेने शाळेला जाणारे मूल यांच्या नावाने कोणत्याही कचेरीत फाईल नसते. ती फाईल उघडणे आणि तिच्यावर तारीख पडेपर्यंत मागे लागणे, एवढे जरी एका तालुक्यातील पाचपन्नास माणसांनी नेटाने केले, तरी पुढच्या पावसाळ्यापूर्वी एखादे तरी वळण सरळ होईल.