कातरलेली वायर, नाहक बदललेला सेन्सर

सिंदी (रेल्वे)चा तान्हा पोळा आटोपतो, मोठमोठे लाकडी नंदी पुन्हा घरात जातात आणि भादव्याचा पाऊस वावरातली बिळं भरून टाकतो. पुढं सोयाबीन निघालं की शेतातलं खाणंही संपतं आणि आडोसाही. मग उंदीर गावाकडं सरकतात. कुटाराचा ढीग, कापूस भरलेली खोली, गोठा या त्यांच्या ठरलेल्या जागा. त्याच गोठ्याशेजारी ट्रॅक्टर उभा असतो, अंगणात कार असते, दुचाकी असते. एखाद्या सकाळी सेल्फ मारावा तर गाडी उठत नाही, किंवा उठते आणि मीटरवर चार दिवे पेटलेले राहतात.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि साध्या दुचाकीतही इंधन सोडण्याचं काम सेन्सर आणि संगणक करू लागले. त्यामुळं एक बारीक वायर तुटली तरी गाडी अडते. ती वायर जोडायला फार खर्च येत नाही. पैसा जातो तो चुकीच्या निदानात. हे निदान चुकवणारे समज एकेक करून तपासू.

गैरसमज : वायरचं आवरण सोयाबीनचं असतं, म्हणून उंदीर ते खातात.

वस्तुस्थिती : काही आवरणांमध्ये वनस्पतीजन्य घटक वापरले जातात, हे खरं. पण प्लॅस्टिकची आवरणं, एवढंच काय शिशाचे नळसुद्धा उंदीर फार पूर्वीपासून कातरत आले आहेत. त्यांचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढतात, वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त. ते झिजते ठेवायला काही ना काही कुरतडावंच लागतं. कातरलेल्या वायरखाली आवरणाचे तुकडे पडलेले दिसतात. खायचं असतं तर ते तिथं उरले नसते. निदानाच्या दृष्टीनं हेच तुकडे, लेंड्या आणि कापूस-चिंध्यांचं घरटं हा पहिला पुरावा आहे.

गैरसमज : रोज चालणाऱ्या गाडीत उंदीर शिरत नाही.

वस्तुस्थिती : संध्याकाळी परतलेल्या गाडीचं इंजिन गरम असतं, ही ऊब त्यांना हवीच असते. लहान उंदराला बोटाच्या जाडीपेक्षाही अरुंद फट पुरते आणि वायर कातरायला एक रात्र पुरते. अंगणातली खार तर दिवसाढवळ्या हेच काम करते. उभ्या गाडीला धोका जास्त, पण चालती गाडी सुरक्षित नाही.

गैरसमज : फ्यूज उडाला, मोठा फ्यूज टाकला की भागतं.

वस्तुस्थिती : फ्यूज उडणं हा परिणाम आहे. आवरण गेलेली वायर बॉडीला टेकली, शॉर्ट झाला आणि फ्यूजनं आपलं काम केलं. लाल फ्यूज १० अँपिअरचा, निळा १५ चा, पिवळा २० चा. लालच्या जागी पिवळा किंवा तांब्याची तार घातली तर पुढच्या वेळी फ्यूज वाचेल आणि वायर जळेल. पेट्रोलचा वास येत असेल तर सेल्फ मारूच नका, कारण उंदीर इंधनाचा रबरी पाइपही कातरतात.

गैरसमज : स्कॅनरनं सेन्सरचं नाव दाखवलं, म्हणजे सेन्सर गेला.

वस्तुस्थिती : सर्वांत जास्त पैसा इथं वाया जातो. संगणकाला सेन्सर दिसत नाही. त्याला फक्त आलेला व्होल्टेज कळतो. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की संगणक कोड नोंदवतो. सेन्सर बिघडला, कपलर सैल झाला किंवा मधली वायर तुटली, तिन्ही वेळा कोड तोच येऊ शकतो. म्हणून कोड हा पत्ता समजा, कोणत्या गल्लीत शोधायचं एवढंच तो सांगतो. चाकाजवळच्या सेन्सरचा कोड आला आणि एबीएसचा दिवा लागला, तर आधी चाकापासून बॉडीत शिरणारी वायर हातानं चाचपून बघा. कातरलेली जागा बहुधा हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, खालच्या किंवा मागच्या अंगाला असते, वरून सगळं धडधाकट दिसतं.

गैरसमज : एकदम चार-पाच कोड आले, म्हणजे ईसीएम (इंजिनाचा संगणक) जळालं.

वस्तुस्थिती : अनेक सेन्सरना ईसीएमकडून ५ व्होल्टचा सामाईक पुरवठा मिळतो. त्यातली एक वायर कातरून बॉडीला टेकली की त्या ओळीतले सगळे सेन्सर एकदम खोटं बोलू लागतात. अशा वेळी सेन्सरचे कपलर एकेक करून काढा आणि त्या पुरवठ्याला लावलेल्या मल्टिमीटरवर लक्ष ठेवा. एखादा काढताच ५ व्होल्ट परत आले, तर दोष त्या सेन्सरमध्ये किंवा त्याच्या फांदीत. सगळे काढूनही परतले नाहीत, तर बॅटरीची निगेटिव्ह काढून ईसीएमचा कपलर वेगळा करा आणि त्या वायरची बॉडीशी जोडणी लागते का ते मोजा. लागली, तर वायर टेकलेली आहे आणि ईसीएमचा खर्च वाचला.

स्कॅनर जोडलाच जात नसेल, तर संगणकांना जोडणारी कॅन वायरींची जोडी तपासावी. बऱ्याच कारमध्ये बॅटरी काढून स्कॅनरच्या १६ पिनांच्या सॉकेटमधल्या ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांमध्ये ६० ओहमच्या आसपास आकडा येतो. १२० आला तर जोडी कुठंतरी तुटली आहे.

गैरसमज : मीटरची शिट्टी वाजली, म्हणजे वायर ठीक.

वस्तुस्थिती : वायरच्या वीस तारांपैकी एकच उरली असेल तरी शिट्टी वाजते, कारण मीटर अगदी थोडा प्रवाह सोडतो. हेडलाइट किंवा पंप चालू केला की ती एक तार पुरत नाही. म्हणून भार चालू ठेवून मोजा. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या पॉझिटिव्हपर्यंत अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला तर दोष मधल्या वायरमध्ये आहे. तसंच अर्थिंगच्या बाजूनंही मोजा. अशा जाड वायरींना टेस्ट लॅम्प चालतो. ईसीएम आणि सेन्सरच्या वायरींना तो लावू नका, त्यांना मीटरच हवा. एअरबॅगच्या पिवळ्या आणि विजेवरच्या गाडीच्या नारिंगी वायरींना मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय कोणी हात लावू नये.

गैरसमज : पीळ देऊन चिकटपट्टी गुंडाळली की झालं, नाहीतर पूर्ण हार्नेसच बदलावा लागतो.

वस्तुस्थिती : नुसत्या पिळात पावसाचं पाणी शिरतं, तांबं हिरवं पडतं आणि काही महिन्यांनी तोच दिवा पुन्हा लागतो. दोन-चार वायरी कातरल्या असतील तर पूर्ण हार्नेसचीही गरज नसते. चांगलं तांबं लागेपर्यंत मागं कापा, तेवढ्याच जाडीची वायर घ्या, जोड सोल्डर किंवा क्रिम्प करा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह बसवा. शेजारच्या वायरींचे जोड एकाच जागी आणू नका. कॅनच्या जोडीचा मूळ पीळ कायम ठेवा.

गैरसमज : डांबरगोळ्या किंवा आवाजाचं यंत्र ठेवलं की उंदीर येत नाहीत.

वस्तुस्थिती : डांबरगोळीचा वास मोकळ्या बॉनेटखाली टिकत नाही, उलट त्याची वाफ एसीतून आत येऊन माणसांनाच त्रास देते. अल्ट्रासोनिक यंत्रांचा आवाज आडव्या आलेल्या वस्तूंपलीकडं जात नाही आणि उंदीर त्याला सरावतात. अमेरिकेच्या व्यापार आयोगानं २००१ मध्येच अशा यंत्रांच्या साठाहून अधिक उत्पादक-विक्रेत्यांना पुराव्याशिवाय दावे न करण्याची ताकीद दिली होती. कुटार आणि धान्यापासून गाडी दूर लावणं, फटींना बारीक लोखंडी जाळी बसवणं आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघणं जास्त उपयोगी पडतं. बघताना हातमोजे घाला. उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिस पसरतो, म्हणून घरटं कोरडं झाडू नका, जंतुनाशक फवारून मग काढा.

गैरसमज : उंदराच्या नुकसानीचा विमा मिळतच नाही.

वस्तुस्थिती : फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा असेल तर पॉलिसीतल्या अटी वाचा आणि दुरुस्तीला हात घालण्याआधी कंपनीला कळवा, फोटो काढून ठेवा. वायर बदलून झाल्यावर सर्वेक्षकाला दाखवायला काही उरत नाही. मात्र १५०० सीसीपर्यंतच्या खासगी कारला पहिले १,००० रुपये आणि त्यावरील कारला २,००० रुपये मालकालाच भरावे लागतात, शिवाय २० ते ५० टक्क्यांचा नो क्लेम बोनसही जातो. किरकोळ जोडकाम असेल तर खिशातून केलेलं बरं.

यंदा पावसाळा सरताना मीटरवर दिवा पेटला, तर नवा सेन्सर मागवायला लगेच होकार देऊ नका. आधी हार्नेस उलटून दाखवायला सांगा आणि मल्टिमीटरवर किती आकडा आला ते विचारा. चांगला मेकॅनिक या प्रश्नानं रागावत नाही, तो मीटर तुमच्यापुढं धरतो.