पोकलेन ट्रेलरवरूनच का येतं? आणि मोठी बकेट लावली की काम खरंच लवकर होतं का?

शेततळं खोदायचं ठरलं की पोकलेन बोलावलं जातं. बिल तासावर असतं. त्यामुळे मशीनमालकाला एक सूचना हमखास जाते, "मोठी बकेट लावून पाठवा." पण पैसे वाया जाण्याची सुरुवात इथूनच होऊ शकते. कशी, ते बघूया.

ट्रेलर कशाला लागतो?

जेसीबीला टायर असतात, ते रस्त्याने स्वतः येतं. पोकलेनला लोखंडी चेन असते. वेग ताशी ५ किलोमीटरच्या आसपास, वर चेनखाली डांबर उखडतं. म्हणून २० टनांचं हे धूड कमी उंचीच्या, म्हणजे लो-बेड ट्रेलरवर चढवतात.

चढवलं म्हणजे झालं, असं नसतं. वजन फार मागे गेलं तर ओढणाऱ्या ट्रकच्या चाकांची पकड सुटते. मशीन नीट बांधलं नसेल तर ब्रेक लागल्यावर ट्रेलर थांबतो, मशीन मात्र पुढे सरकतं. म्हणून बूम खाली, बकेट ट्रेलरला टेकलेली आणि चारही कोपरे साखळीने आवळलेले हवेत. एवढं करूनही एकूण उंची ४ मीटरच्या घरात जाते. त्यामुळे वाटेतल्या विजेच्या तारा आणि रेल्वेपुलाखालचा रस्ता आधीच बघून ठेवावा लागतो.

मग बकेट कोणती?

२० टनी मशीनला साधारण १ घनमीटरची बकेट चालते. तेवढी ओली माती भरते १.८ टनांच्या आसपास. बकेट दीडपट केली तर नुसती मातीच २.७ टन होते. हात पूर्ण लांबवून हे वजन उचलताना तोल जाऊ शकतो. खड्ड्याच्या काठावर तर मशीन उलटून ऑपरेटरच्या जिवावर बेतू शकतं.

ढोबळ हिशोब असा:

- मऊ माती: रुंद बकेट
- मुरूम: मध्यम रुंदीची, दात असलेली
- फुटलेला खडक: अरुंद आणि जाड, कारण तेवढाच जोर कमी दातांवर एकवटतो
- अखंड कातळ: बकेट नाही, ब्रेकर
- नालेसफाई: रुंद, बिनदातांची

थोडक्यात, फोनवर बकेटचा आकार सांगण्यापेक्षा जमीन सांगा. किती फुटांवर मुरूम लागतो, किती फुटांवर खडक, याचा अंदाज शेजारच्या विहिरीच्या कडा बघून येतो. तेवढं आधी कळलं तर योग्य बकेट मशीनसोबत त्याच ट्रेलरवर येते आणि दुसऱ्या फेरीचं भाडं वाचतं.