एका तारेची दुप्पट

लग्न झालं की बदनापूर-जालन्याकडे बऱ्याच घरांत गोंधळ घालतात. दिवटी पेटते, संबळ कडाडतो आणि तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरीच्या देवांना नावं घेऊन आवतण जातं. गोंधळ्यांचा ताफा मोठाही असतो; पण संबळ आणि तुणतुणं घेतलेले दोघं जरी उभे राहिले, तरी अंगण भरून जातं. दोन माणसांत एवढा नाद येतो कुठून?

आधी तुणतुणं बघा. लाकडाचं पोकळ नळकांडं, वरून उघडं, खालच्या तोंडावर कातडं ताणलेलं. कातड्याच्या मधोमध छिद्र, त्यातून ओवलेली तार नळकांड्यातून वर निघते आणि बाजूला ठोकलेल्या दांडीच्या खुंटीला पिळली जाते. काखेत धरून तार छेडायची. बस्स, एवढंच वाद्य!

गंमत पुढे आहे. छेडलेली तार डावीकडे जाते तेव्हा किंचित ताणली जाते; मध्ये येते तेव्हा सैल पडते; उजवीकडे गेली की पुन्हा ताणली जाते. म्हणजे तारेची एक फेरी होते तेवढ्यात कातड्याला दोन ओढे बसतात. तार सेकंदाला 200 वेळा थरथरत असेल, तर हे ओढे 400! म्हणून तारेच्या स्वरात वरच्या सप्तकातला तोच स्वर आपोआप मिसळतो. ज्यांना पुढे नोबेल मिळालं त्या सी. व्ही. रामन यांनाही एका तारेने भुरळ घातली होती. सरकारी अर्थखात्यात नोकरी करता करता 1909 साली या तरुणाने एकतारीवर शोधनिबंध लिहिला.

संबळ-तुणतुण्यासारखीच दोन वाद्यांची जोडी साता समुद्रापार अमेरिकेच्या डोंगराळ भागात आहे. तिथल्या जुन्या लोकसंगीतात आणि त्यातून वाढलेल्या ब्लूग्रासमध्ये फिडल आणि बँजो एवढ्यावरही मैफल रंगते. आफ्रिकेतून गुलाम करून नेलेल्या माणसांनी बँजोचा वारसा तिकडे नेला. त्यालाही ताणलेला पडदा असतो. पण तिथे तारा घोडीवरून जातात आणि पडद्याला दाबतात. बँजोची पाचवी तार आखूड असते. चाल कुठेही फिरो, अंगठा पुन्हा पुन्हा त्याच उंच स्वरावर येतो. आपल्या तुणतुण्याचं काम तरी दुसरं काय? गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन हलू द्यायची नाही.

आता संबळ. कंबरेशी बांधलेली दोन भांडी, एकाचा बोल चढा, दुसऱ्याचा खर्जातला; दोन्ही काठ्यांनी वाजतात. खालचे आणि वरचे दोन्ही नाद एकाच माणसाच्या हातात, स्वर जोडीदाराच्या काखेत आणि शब्द दोघांच्या गळ्यात. म्हणून दोघं पुरतात.

हा गोंधळ रेकॉर्ड करायला पूर्वी रेकॉर्ड कंपनीची पायरी चढावी लागे. मिनिटाला 78 फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन-साडेतीन मिनिटं मावत. रात्रभराचा गोंधळ त्यात बसवायचा कसा? पुढे कॅसेट आली, जागा वाढली. पण काय छापायचं ते कंपनीच ठरवायची. आता ती अडचण उरलेली नाही. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांची भीमगीतं एकतारीवर, मोबाइलच्या चित्रफितींतून घरोघर पोचली.

बदनापुरातल्या दोघा गोंधळ्यांनाही स्वतःचा अल्बम करता येईल. खोलीच्या भिंतींवर गोधड्या टांगल्या की घुमारा कमी होतो. संबळ दांडगा, तुणतुणं नाजूक. म्हणून माइक तुणतुण्याजवळ, संबळवाला मागे. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची तीव्रता चौथाईवर येते, बंद खोलीत मात्र ती एवढी उतरत नाही. माइकमध्येही केसाहून पातळ पडदा असतो. इकडे कातडं थरथरतं, तिकडे तो थरथरतो आणि सीडीच्या हिशेबाने सेकंदाला 44,100 वेळा त्याची नोंद होते.

परभणीच्या राजारामबापू कदमांनी गोंधळाला मोठ्या मंचावर मान मिळवून दिला. याच मराठवाड्यात आज रेकॉर्डिंग गोंधळ्यांच्या स्वतःच्या हातात आलं आहे. त्यांनी ते आपल्या अटींवर करावं: आख्यान न कापता, संबळाचे बोल न झाकता, वर सिंथेसायझर न चढवता. तुणतुण्याला भरीची गरज नाही, तार आपला स्वर स्वतःच दुप्पट करते.