पडद्यावरच्या गाडीला खरे रूळ कसे मिळतात?

वाईला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर तीसेक किलोमीटरवरचे वाठार गाठावे लागते. त्या गावाच्या नावालाच 'स्टेशन' चिकटले आहे. एसटीच्या पाटीवरही 'वाठार स्टेशन' असेच वाचायला मिळते. पण आता वाईत घरबसल्या रेल्वेगाडी चालवता येते, संगणकावरच्या ट्रेन सिम्युलेटरमध्ये. या खेळांत नुसती गाडी चालवायची नसते, हवा तो मार्ग स्वतः बांधताही येतो.

समजा, वाईतल्या एखाद्या विद्यार्थ्याने पुणे-मिरज मार्गावरचा आदर्की ते वाठार हा घाटाचा तुकडा बांधायला घेतला. त्याला वाटेल, डोंगर, बोगदे, स्टेशनची पाटी झाली की काम झाले. प्रत्यक्षात सगळ्यात जास्त वेळ खातात ते रूळ. कारण रुळांचे खरे-खोटेपण डोळ्यांना चटकन दिसत नाही, ते गाडी चालू झाल्यावर कळते.

पहिली अडचण रुंदीची

परदेशी खेळांत तयार मिळणारे बहुतेक रूळ १४३५ मिलिमीटर रुंदीचे असतात. युरोप-अमेरिकेत तीच रुंदी रूढ आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा. फरक २४१ मिलिमीटरचा, म्हणजे जवळजवळ वीतभर. त्या रुळांवर आपले इंजिन ठेवले तर चाके रुळाबाहेर लोंबकळताना दिसतात. पुणे-मिरज मार्ग तर आधी मीटरगेज होता, म्हणजे फक्त १००० मिलिमीटर. जुन्या काळची गाडी चालवायची असेल तर रूळ पुन्हा वेगळे.

त्यानंतर स्लीपर. आपल्याकडचा काँक्रीटचा स्लीपर पावणेतीन मीटर लांब असतो आणि मुख्य मार्गावर एका किलोमीटरला साधारण १६६० स्लीपर लागतात, म्हणजे सुमारे ६० सेंटिमीटरला एक. संगणक प्रत्येक वस्तू त्रिकोणांनी रंगवतो. साध्या खोक्याला १२ त्रिकोण लागतात. त्या हिशेबाने नुसत्या स्लीपरचे किलोमीटरला वीस हजार त्रिकोण झाले. म्हणून जवळचे स्लीपर खरे घडवायचे आणि दूरचे नुसते चित्र म्हणून अंथरायचे, अशी युक्ती वापरतात. खडीचा रंगही महत्त्वाचा. आपल्या दख्खनच्या पठारावर खडी काळ्या बेसाल्टची असते. तिथे फिकट तपकिरी खडी टाकली तर माहितगार माणूस लगेच म्हणेल, हे आपले नव्हे.

वळण म्हणजे नुसता वाकलेला रूळ नव्हे

वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात एसटी जागच्या जागी वळावी तशी वळते. गाडीच्या रुळांना ते शक्य नाही. ब्रॉडगेजवर वळणाची तीव्रता जास्तीत जास्त १० अंश चालते, म्हणजे १७५ मीटर त्रिज्या. रेल्वेच्या भाषेत १७५० ला अंशांनी भागले की त्रिज्या मीटरमध्ये मिळते. दोन अंशांचे वळण म्हणजे ८७५ मीटर त्रिज्या. पुण्यात कर्वे रस्त्यावर जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आहे. तिथल्यासारख्या ८७ पट लहान प्रतिकृतीत हे वळण घ्यायचे तर त्रिज्या १० मीटर होईल. एवढे दालन कुठून आणणार? म्हणून टेबलावरच्या रेल्वेत वळणे आवळावी लागतात. संगणकात जागेची अडचण नाही, तिथे खरे माप ठेवता येते.

हे माप मिळते कसे? गँगमन २० मीटरची दोरी वळणाच्या रुळाला ताणून धरतात आणि मधोमध दोरी व रूळ यांतले अंतर मोजतात. ८७५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ते ५७ मिलिमीटर भरते. घरी बसलेल्याला हेच उपग्रहाच्या चित्रावर करता येते. वळणावर २०० मीटरची सरळ रेघ ओढली तर मधला फुगवटा सुमारे ५.७ मीटर दिसेल. रेघेच्या लांबीचा वर्ग, भागिले फुगवट्याची आठपट, की त्रिज्या हाती आली. मापासाठी रुळांवर उतरण्याची अजिबात गरज नाही. तो रेल्वे कायद्याने गुन्हा आहे, आणि वळणावर येणारी गाडी उशिरा दिसते. फोटो फलाटावरून किंवा डब्याच्या बंद दारामागून काढावेत.

चहा का सांडत नाही?

आता खरी गंमत. वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा उंच ठेवलेला असतो. किती उंच, ते वेगावर आणि त्रिज्येवर ठरते. ताशी ८० किलोमीटर वेगाला ८७५ मीटरच्या वळणावर ही उंची सुमारे १०० मिलिमीटर येते. डबा त्यामुळे सव्वातीन अंश आत कलतो. बाहेर फेकणारा जोर आणि गुरुत्वाकर्षण मिळून डब्याच्या तळाच्या बरोबर दिशेने दाबतात. म्हणून कपातला चहा सांडत नाही, आणि आपल्यालाही वळलो असे फारसे जाणवत नाही. आपल्या आतल्या कानात तोल ओळखणारे इंद्रिय असते. त्याला फक्त या दोन जोरांची बेरीज कळते, त्यांतला कोणता किती हे कळत नाही.

त्याच वळणावरून मालगाडी ताशी ४० ने गेली तर तिला २५ मिलिमीटर उंची पुरते. वेगवान गाडी ताशी १०० ने गेली तर १५७ लागते. रूळ मात्र एकच. म्हणून अभियंते मधला आकडा निवडतात. खेळात रूळ बांधणाऱ्यालाही हाच निर्णय करावा लागतो.

शिवाय सरळ रुळावरून एकदम वळणात शिरता येत नाही. मध्ये हळूहळू आवळत जाणारा तुकडा लागतो, त्याला संक्रमण वक्र म्हणतात. वळणही त्यातच वाढते आणि बाहेरचा रूळही त्यातच उंचावतो. ९० मीटरचा असा तुकडा ताशी ८० च्या गाडीला चार सेकंद देतो. तो नसेल तर तेवढाच जोर एका क्षणात आदळेल आणि उभा प्रवासी हेलपाटेल. २००१ मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्ट ट्रेन सिम्युलेटरमध्ये रूळ ठरावीक त्रिज्येच्या तुकड्यांनी जोडत, त्यामुळे इंजिनातून दिसणारे दृश्य वळणाच्या तोंडाशी झटक्याने फिरे. नंतरच्या खेळांत रूळ लवचीक रेषेसारखा वाकवता येऊ लागला.

हे नुसते शोभेचे नाही. पडद्यासमोर डोळे सांगतात 'वळतो आहोत', आणि आतला कान सांगतो 'खुर्चीत बसलो आहोत'. हा मेळ बसला नाही की काहींना मळमळते, डोके जड होते. दृश्य जितके झटके देईल तितका त्रास वाढण्याचा संभव. तसे वाटले तर खेळ थांबवून थोडा वेळ दूर बघावे, हे बरे.

चढ दिसत नाही, पण चुकला की महागात पडतो

डोंगरांची उंची बहुतेक जण नासाने २००० साली अंतराळयानातून केलेल्या रडार मोजणीवरून घेतात. त्यात जमिनीचे सुमारे ३० मीटरचे चौकोन असतात. घाटात एका चौकोनात डोंगराची कड, खोदून काढलेली वाट आणि रूळ असे सगळे मिसळते. त्यावर रूळ तसेच अंथरले तर ते उंटाच्या पाठीसारखे वरखाली होतात. मग रुळांशेजारच्या चढ-उताराच्या खांबांवरचे आकडे धरून रूळ आधी सरळ चढवायचे आणि जमीन त्यांच्याभोवती कापायची, हाच खरा मार्ग. प्रत्यक्ष रेल्वेही तशीच बांधली गेली.

शंभर मीटरला एक मीटर उतार डोळ्यांना सपाटच वाटतो. पण हिशेब करून बघा. ताशी ८० ने येणारी गाडी सपाट जागी ब्रेक लावून ६१७ मीटरमध्ये थांबते असे धरू. तेवढ्याच ब्रेकने या उतारावर तिला ८१८ मीटर लागतील. फरक २०० मीटरचा, आठ-नऊ डब्यांचा. पडद्यावर गाडी स्टेशन सोडून पुढे जाते, खऱ्या मार्गावर लाल सिग्नल ओलांडते. आपल्या बोरघाटात तर चढ ३७ मीटरला एक मीटर आहे. तिथे कर्जतहून वर जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात.

म्हणूनच लोको पायलटला नव्या मार्गावर एकदम गाडी देत नाहीत. आधी त्याला जाणकार पायलटबरोबर त्या मार्गावर फेऱ्या कराव्या लागतात, त्यांत रात्रीचीही असते. कुठे उतार लागतो, कुठे ब्रेक धरायचा, कोणता सिग्नल वळणाआड आहे, हे अंगात मुरावे लागते. काही महिने त्या मार्गावर गेला नाही तर हे शिक्षण पुन्हा घ्यावे लागते. रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांतले सिम्युलेटर याच कामाला मदत करतात. तिथे उतार चुकीचा बांधला तर हात चुकीच्या जागी ब्रेक धरायला शिकेल. घरच्या खेळाने कोणी पायलट होत नाही. पण आदर्कीचा घाट आकड्यांनिशी बांधणाऱ्या विद्यार्थ्याला पायलट काय लक्षात ठेवतो, ते नेमके कळते.

पुढच्या वेळी वाठारहून गाडीत बसाल तेव्हा एक प्रयोग करा. मोबाइलमधले पातळी दाखवणारे ॲप उघडा आणि फोन दोन कप्प्यांमधल्या, डब्याच्या रुंदीच्या दिशेने असलेल्या भिंतीला आडवा टेकवून धरा. गाडी वळणावर थांबलेली असेल तर दोन-तीन अंशांचा कल दिसेल. त्याच वळणावरून ती योग्य वेगाने धावत असेल तर आकडा शून्याजवळ येईल. डबा कललेलाच असेल, पण फोनला ते कळणार नाही. आपल्या कानालाही कळत नाही, तसेच.