खेडची लढाई : भीमाकाठची यादवी

पानिपतावर आपल्याकडे कादंबऱ्या आहेत, नाटके आहेत, पोवाडे आहेत. खेडची लढाई मात्र शालेय पुस्तकात दोन ओळींत उरकली जाते. १२ ऑक्टोबर १७०७ रोजी आजच्या राजगुरुनगरपाशी, भीमेच्या काठी, मराठ्यांच्याच दोन फौजा समोरासमोर उभ्या ठाकल्या. दोन्हीकडे छत्रपतींचेच नाव. मराठी राज्य पुढे कोणत्या वळणाने जाणार, याचा निकाल त्या दिवशी लागला असे मला वाटते.

त्याच वर्षाच्या आरंभी औरंगजेब अहमदनगरजवळ वारला. तख्तासाठी उत्तरेकडे निघालेल्या आझमशाहाने भोपाळच्या परिसरात संभाजी महाराजांचे पुत्र शाहू महाराज यांना कैदेतून सोडले. रायगड १६८९ मध्ये पडला तेव्हा सात वर्षांचा असलेला हा राजपुत्र आता पंचविशीत होता. मातोश्री येसूबाई मात्र मोगलांकडेच ओलीस राहिल्या. मोगलांचा हेतू उघड होता: शाहू दक्षिणेत उतरले की मराठे आपापसांत लढतील.

ताराबाईंना या कथेत खलनायिका ठरवण्याची सवय आपण सोडली पाहिजे. त्यांचे पती राजाराम महाराज १७०० मध्ये गेले, तेव्हापासून सात वर्षे खुद्द औरंगजेबाशी झुंज देत त्यांनी राज्य तगवले होते. संभाजी महाराजांचे राज्य गेले, आज आहे ते माझ्या पतीने आणि आम्ही नव्याने उभे केले, मग ते माझ्या मुलाचेच, हा त्यांचा युक्तिवाद पोकळ नव्हता. पण त्यांनी शाहूंना तोतया ठरवले, आणि तिथे डाव उलटला. परसोजी भोसल्यांनी शाहूंच्या ताटात जेवून हा खरा छत्रपतींचा वारस असल्याची ग्वाही दिली. जिथे पंक्तीला बसण्यावरून माणसाचे कूळ ठरे, तिथे त्या एका घासाचे वजन कुठल्याही फर्मानापेक्षा जास्त होते.

ताराबाईंनीही सरदारांकडून दूधभातावर शपथा घेतल्या होत्या. शंकराजी नारायण सचिवांना हा पेच सोसला नाही. शपथ एकीकडे आणि थोरल्या घराण्याचा वारस दुसरीकडे, अशा कोंडीत त्यांनी आत्मत्याग केला. ताराबाईंची फौज घेऊन खेडला आलेले सेनापती धनाजी जाधव आणि परशुरामपंत प्रतिनिधी यांच्यापैकी प्रतिनिधी शपथेला जागले. धनाजींचे मन आधीच डळमळले होते. खंडो बल्लाळांनी त्यांची समजूत घातली होती आणि शाहू खरे आहेत याची त्यांना खात्री पटली होती. रणात ते शाहूंच्या बाजूला गेले, प्रतिनिधी एकटे पडले आणि साताऱ्याकडे हटले. तलवार फारशी चाललीच नाही.

पुढे घडामोडी भराभर झाल्या. सातारा शाहूंच्या हाती आला आणि १२ जानेवारी १७०८ रोजी तिथे त्यांचा राज्याभिषेक झाला. धनाजींच्या पदरी महसुलाचे काम पाहणारे बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. दुसरी गादी कोल्हापूरला स्थिरावली, आणि १७३१ च्या तहाने वारणा नदी दोन्ही राज्यांची सीमा ठरली.

खरी किंमत मात्र वेगळीच होती, आणि तिच्याकडे आपले लक्ष फार कमी जाते. शाहूंकडे स्वतःची फौज नव्हती, खजिना नव्हता. होती ती मान्यता, आणि तीही सरदारांनी दिलेली. ज्यांच्या बळावर गादी मिळाली, त्यांचे मुलूख काढून घेणे त्यांना शक्यच नव्हते. शिवाजी महाराजांनी सरदारांना रोख वेतन देण्याची घडी बसवली होती. मोगलांशी लढताना राजाराम महाराजांच्या काळात नाइलाजाने मुलूख तोडून देणे सुरू झाले. यादवीने तो नाइलाज पक्का केला, कारण नाराज सरदाराला आता जायला दुसरी गादी होती. १७११ मध्ये धनाजींचे पुत्र चंद्रसेन खरोखरच ताराबाईंकडे गेले. १७१९ मध्ये दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आल्यावर वसुलीचे प्रांत सरदारांत वाटले गेले. मराठे अटकेपर्यंत पोचले ते याच मोकळिकीमुळे, हेही तितकेच खरे. पण नागपूरचे भोसले, गायकवाड, शिंदे, होळकर यांचे हिशेब एका खजिन्यात कधीच आले नाहीत. इंग्रजांना सगळ्या मराठ्यांशी एकदम बोलणी करावी लागली नाहीत. वसईचा तह १८०२ मध्ये पेशव्यांनी केला, आणि १८०३ मध्ये देवगावला भोसल्यांनी व सुर्जी-अंजनगावला शिंद्यांनी आपापले वेगळे तह केले.