बाळाचा लंगोट : कापड जुनं, कव्हर नवं

वस्तीत आरोग्याची बैठक घेतली की बाळंतिणींचा एक प्रश्न हमखास येतो : "ताई, बाळाला डायपर घालावा की नको?" सासू म्हणते, आमची पोरं लंगोटावर वाढली. सून म्हणते, दिवसाला वीस लंगोट धुवायला पाणी आणू कुठून? दोघीही खरंच बोलतात. म्हणून वाद न घालता आपण नीट हिशेब करू. पैशाचा, पाण्याचा, बाळाच्या कातडीचा, आणि शेवटी तो डायपर ज्याच्या हाती जातो त्या माणसाचाही.

आधी पैशाचं बघू

विकतचा, एकदा वापरून टाकायचा डायपर दहा रुपयांना धरला आणि दिवसाला चार वापरले, तर महिन्याचे १,२०० रुपये होतात. दीड वर्ष वापरले तर २१,६०० रुपये. धुणीभांडी करणाऱ्या, बिगारी कामाला जाणाऱ्या घरात हा खर्च झेपत नाही. मग काटकसर सुरू होते. चारच्या जागी दोन डायपर. तोच डायपर सकाळपासून दुपारपर्यंत. बाळाचं ढुंगण लाल होतं ते इथूनच. डायपर वाईट असतो असं नाही, तो वेळेवर बदलणं परवडत नाही ही खरी अडचण आहे.

विकतच्या डायपरमध्ये रसायनाचे बारीक दाणे असतात. ते लघवी शोषून जेलीसारखे फुगतात आणि वरून कोरडं वाटतं. म्हणून आईला वाटतं, अजून चालेल. पण आत शी असेल, ऊब असेल, हवा लागत नसेल, तर कातडी सोलवटते आणि बुरशी धरते.

नव्या पद्धतीचा कापडी डायपर म्हणजे काय?

हल्ली बाजारात धुऊन पुन्हा वापरायचे कापडी डायपर मिळतात. त्यांचे मुख्य तीन प्रकार आहेत.

पहिला, सगळं एकत्र शिवलेला. घालायला सोपा, पण जाड असल्यामुळे वाळायला फार वेळ लागतो.

दुसरा, खिसा असलेला. खिशात शोषणारी जाड पट्टी सरकवायची. पट्टी काढून धुता येते, तरी तीही जाडच असते.

तिसरा, नुसतं कव्हर. बाहेरून पाणी न झिरपणारं कापड, कमरेला बटणं, मांडीला इलॅस्टिक. आत आपण आपलं सुती कापड घडी करून ठेवायचं.

वस्तीतल्या घराला मी तिसराच प्रकार सुचवते. एक तर तो स्वस्त पडतो. दुसरं म्हणजे लघवी आतल्या कापडात जाते, त्यामुळे दर वेळी कव्हर धुवावं लागत नाही. ओल्या फडक्याने पुसून, वाऱ्यावर टांगून पुन्हा घालता येतं. शी लागली तरच लगेच धुवायचं. आणि आतलं कापड उलगडलं की एकपदरी होतं, त्यामुळे पावसाळ्यातही पंख्याखाली वाळतं. जाड पट्टी दोन दिवस ओलसर राहते आणि तिला कुबट वास धरतो.

कव्हरची किंमत दुकानागणिक बदलते. एक तीनशे रुपयांना धरलं तर चार कव्हरांचे १,२०० रुपये होतात. म्हणजे विकतच्या डायपरचा एका महिन्याचा खर्च. बटणांनी लहानमोठं होणारं कव्हर बाळ साधारण पाच किलोचं झाल्यापासून बारा-तेरा किलोपर्यंत पुरतं. पुढच्या बाळालाही ते चालतं. साबण-पाण्याचा खर्च वेगळा आहे, तो विसरू नका. पण तो धरूनही फरक मोठा आहे.

घेताना कव्हर उलटं करून बघा. आतला गुळगुळीत थर कुठे सुटलेला नको. इलॅस्टिक मऊ हवं, बटणं घट्ट बसायला हवीत. जुन्या काळची नुसत्या प्लॅस्टिकची चड्डी मिळते, ती घेऊ नका. तिच्यात अजिबात हवा खेळत नाही.

आतलं कापड घरातलंच

जुनी सुती साडी, लुंगी, धोतर, पलंगपोस, यांपैकी काहीही चालेल. पण कापड खरोखर सुती आहे का, ते तपासा. त्यावर पाण्याचा थेंब टाका. लगेच शोषला गेला तर कापड कामाचं. थेंब वरच थांबला तर ते पॉलिस्टर आहे, बाळाला उपयोगाचं नाही. आजकालच्या रोजच्या साड्या बहुतेक पॉलिस्टरच्याच असतात.

पाऊण मीटरचे चौकोन कापा. साडेपाच मीटरच्या एका साडीतून असे सात निघतात. काठावर शिलाई मारून घ्या, नाहीतर दोरे सुटतात. सुटलेला दोरा बाळाच्या बोटाला किंवा शूच्या जागेला गुंडाळला जाऊन आवळू शकतो. शेजारच्या ताईकडे मशीन असेल तर अर्ध्या तासाचं काम आहे.

चार कव्हर आणि पंधरा ते अठरा चौकोन एवढं एका बाळाला पुरतं. नवं कापड आणलं असेल तर आधी चार-पाच वेळा धुवा. कोऱ्या कापडाची खळ गेल्याशिवाय ते नीट शोषत नाही. बाजारात मायक्रोफायबरची पट्टीही मिळते. ती थेट कातडीला लावू नका. ती कातडीचा ओलावाच ओढून घेते. तिच्यावर सुती कापड घालूनच वापरा.

घालताना

पहिल्या महिन्यात अडीच-तीन किलोच्या बाळाला कव्हर मोठं होतं. तेव्हा आपला त्रिकोणी लंगोटच चांगला. नाळ पडेपर्यंत लंगोट बेंबीच्या खाली बांधा, नाळ कोरडी आणि मोकळी राहू द्या. ओल्या लंगोटात नवजात बाळ लवकर गार पडतं. कमी वजनाच्या बाळाच्या बाबतीत हे विशेष जपायचं.

कव्हर लावल्यावर कमरेशी तुमची दोन बोटं सहज जायला हवीत. बाळाचे पाय बेडकासारखे दुमडलेले आणि मोकळे राहू द्या. पाय सरळ करून, दुपट्यात आवळून बांधण्याची पद्धत खुब्याच्या सांध्याला घातक आहे.

दिवसा दर दोन-तीन तासांनी कापड बदला, शी झाली तर लगेच. साध्या पाण्याने धुऊन, टिपून कोरडं करा. मुलीला नेहमी पुढून मागे पुसा. पावडर टाकू नका. ती श्वासातून छातीत जाते. आणि दिवसातून थोडा वेळ बाळाला उघडं खेळू द्या. कातडीला हवेसारखं औषध नाही.

धुताना

बाळाची शी म्हणजे काही घाण नव्हे, असं आपल्याकडे सहज म्हणतात. हे चुकीचं आहे. तान्ह्या बाळाच्या शीतही जुलाबाचे जंतू असतात. ती गटारात, नळाजवळ किंवा चाळीच्या कडेला टाकली की जंतू रांगणाऱ्या दुसऱ्या बाळाच्या तोंडात जातात. शी संडासातच गेली पाहिजे. घरात संडास नसेल तर झाकणाचा डबा ठेवा आणि सार्वजनिक संडासात नेऊन ओता. नंतर साबणाने हात धुवा.

धुण्याची रीत अशी :

१. शी काढून टाकल्यावर कापड आधी गार पाण्यात खळखळून घ्या. गरम पाणी आधी घातलं तर डाग पक्का बसतो.

२. ओली कापडं बादलीत पाण्यात भिजत ठेवू नका. झाकणाच्या डब्यात नुसती साठवा आणि दिवसातून एकदा एकत्र धुवा. पाणी वाचतं. शिवाय रांगतं मूल भरलेल्या बादलीत पडून बुडण्याचा धोका टळतो.

३. साध्या पावडरने चोळून धुवा. सुती कापडाला गरम पाणी चालतं. कव्हरला उकळतं पाणी नको, त्याचा थर सुटतो.

४. फेस पूर्ण जाईपर्यंत खळबळा. साबण राहिला तर कापड नीट शोषत नाही आणि कातडीची आग होते.

५. कपडे मऊ करायचं सुगंधी द्रव, ब्लीच, जंतुनाशकाचं पाणी यांची गरज नाही. सुगंधी द्रवाचा थर बसला की कापड पाणी शोषत नाही.

६. सुती कापडं उन्हात वाळवा, कव्हर सावलीत. ऊन नसेल तर सुती कापडांना इस्त्री करा. कव्हरला इस्त्री कधीच नको.

धुऊनही कापडाला अमोनियाचा, नाकात जाणारा वास येत असेल, तर साबण किंवा लघवी आत राहिली आहे असं समजा. एकदा गरम पाण्यात, बिनसाबणाची, भरपूर खळबळून काढा.

लंगोट मोजा, बाळ ओळखा

कापडाचा एक मोठा फायदा आहे. बाळाने किती वेळा लघवी केली, ते आईला कळतं. पहिल्या आठवड्यानंतर अंगावर पिणाऱ्या बाळाने दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी केली, तर दूध पुरतं आहे असं समजा. वरचं दूध लावायची घाई नको. आशाताई बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत घरी भेटीला येतात, त्यांना हा आकडा सांगा.

याउलट बाळाला जुलाब होत असतील आणि सहा तास कापड कोरडं राहिलं, डोळे खोल गेले, बाळ मलूल पडलं किंवा पीत नसेल, तर त्याच्या अंगातलं पाणी कमी झालं आहे. ओआरएस आणि अंगावरचं दूध पाजत पाजत लगेच दवाखाना गाठा. जेलीच्या डायपरमध्ये लघवी झाली की नाही, हेच पटकन कळत नाही. बाळ आजारी असेल तेव्हा तरी कापडच वापरा. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे रोटाव्हायरसचे थेंबही चुकवू नका. सरकारी केंद्रात ते मोफत मिळतात.

ढुंगणावर नुसती लाली असेल तर वरचेवर बदलणं, हवा देणं आणि झिंक ऑक्साइडचं मलम यांनी दोन-तीन दिवसांत फरक पडतो. मलम लावाल तेव्हा मध्ये एक जुनं पातळ फडकं ठेवा, म्हणजे बाकीची कापडं तेलकट होणार नाहीत. जांघेच्या घडीत गडद लाल चट्टा आणि आजूबाजूला बारीक पुळ्या असतील तर ती बहुधा बुरशी असते. तेव्हा डॉक्टरांना दाखवा आणि सुती कापडं उकळत्या पाण्यातून काढा. औषधाच्या दुकानातून खाजेची मिश्र मलमं आणून लावू नका. त्यात स्टिरॉइड असतं आणि बाळाची कातडी त्याने पातळ होते.

धुणार कोण?

हा प्रश्न टाळला तर वरचं सगळं कागदावरच राहील. बाळंतिणीने टाके ओले असताना उकिडवं बसून बादलीभर कापडं घासायची, किंवा दहा वर्षांच्या मोठ्या मुलीने शाळा बुडवून ती धुवायची, असा कापडी डायपर मला नको. त्यापेक्षा विकतचा परवडला. बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, असं बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा देताना मांडलं होतं. ती विश्रांती घरातूनच सुरू व्हायला हवी. सकाळी पाणी आलं की बाळाच्या बापाने वीस मिनिटं मोरीत बसावं. ते बाळ त्याचंही आहे.

आणि टाकलेला डायपर?

प्रवासात, रात्री, पाणी नसलेल्या दिवशी विकतचा डायपर वापरला तर त्यात काही गुन्हा नाही. फक्त टाकण्याची रीत पाळा. आतली शी संडासात टाका. डायपर गुंडाळून चिकटवा, जुन्या वर्तमानपत्रात बांधा आणि इतर कचऱ्यात न मिसळता वेगळा द्या. संडासात तो कधीच टाकू नका. तुंबलेला पाईप मोकळा करायला कोणाला तरी हात घालावा लागतो. तो जाळूही नका, त्यात प्लॅस्टिक असतं.

वापरलेले डायपर गुंडाळून वेगळे द्यावेत, असं २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतही सांगितलं होतं. त्यासाठी पाकीट देण्याची जबाबदारी त्या नियमांनी कंपन्यांवर टाकली होती. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढायला लोकांना सांगितलं. पुडी न उघडताच आत काय आहे ते कळावं, एवढीच त्यामागची मागणी.

ती पुडी कोणाच्या हातात जाते, हे आपल्या वस्तीला कोणी वेगळं सांगायला नको. घंटागाडीवर, कचराकुंडीवर, गटारात उतरणारी माणसं कोणत्या घरांतली आहेत, हे आपल्याला माहीत आहे. आपल्याच भावाच्या, आपल्याच मावशीच्या हाताला दुसऱ्याच्या बाळाची शी लागते आणि त्याच हाताने त्यांना दुपारची भाकरी खावी लागते. दिवसातला एक डायपर जरी कापडाचा झाला, तरी तेवढी एक पुडी कमी होते.

म्हणून सगळं एकदम बदलू नका. या महिन्यात एक कव्हर घ्या, जुन्या सुती कपड्यांचे सात-आठ चौकोन कापा आणि दुपारच्या वेळेपुरते वापरून बघा. जमलं तर पुढच्या महिन्यात दुसरं कव्हर घ्या. बचत गटातल्या चार जणींनी मिळून मागवली तर दुकानदार भावही कमी करतो.